कुत्रा पाळायचाय? आधी बर्गर करून दाखवा

ऑफिसात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं, "भावा, मला पण पिल्लू आणायचंय. कुठून आणू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सलग चार रविवार घरी बर्गर कर. टिक्की वळण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने. चारही रविवार निभावलेस तर पिल्लू कुठून आणायचं ते मी सांगतो. तिसऱ्या रविवारी कंटाळून ऑर्डर केलीस, तर विषय संपला.

लोक हसतात. मी गंमत करत नसतो. ज्या माणसाला आठवड्यातली एक दुपार स्वतःच्या स्वयंपाकघरात, फोन बाजूला ठेवून काढता येत नाही, त्याने कुत्र्याचं पिल्लू घरी आणू नये. हे माझं मत आहे आणि पुढे मी तेच मांडणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण पूर्ण वाचा.

२८ जातात, ४२ येतात

पिल्लाला दुधाचे दात २८ असतात. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ते यायला लागतात. पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की पडायला लागतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात आलेले असतात. माणसाचं पोर २० दात पाडून ३२ मिळवायला सहाव्या वर्षापासून सुरुवात करतं आणि अक्कलदाढ येईपर्यंत रेंगाळतं. कुत्रा याहून मोठं काम तीन-चार महिन्यांत उरकतो. त्या काळात हिरड्या सुजतात, ठणकतात, शिवशिवतात. काहीतरी चावलं की बरं वाटतं, म्हणून पिल्लू चावतं. तुमची चप्पल, सोफ्याचा कोपरा, पायजम्याची नाडी, तुमची घोट. त्यात राग नसतो, सूड नसतो आणि "हा कुत्रा मुळातच वाईट" असंही काही नसतं.

आता मोबाइलवर फिरणारे "पिल्लू देणे आहे" हे मेसेज आठवा. वय काय असतं? चार महिने, पाच महिने, सहा महिने. वर्णन काय असतं? "खूप ॲक्टिव्ह, खेळकर, घरगुती कारणामुळे देणे आहे." मी असे इतके मेसेज वाचलेत की आता मला त्यांची भाषा येते. खेळकर म्हणजे चावतो. ॲक्टिव्ह म्हणजे आम्ही दहा तास घरी नसतो. घरगुती कारण म्हणजे घरात कोणालाच थांबायचं नाही.

दोन महिन्यांच्या गुबगुबीत पिल्लावर जीव टाकणारी माणसं त्याच पिल्लाला पक्के दात यायला लागले की नवा मालक शोधायला लागतात. मला भांडायचंय ते यांच्याशी.

बर्गरच का?

कारण बर्गर दिसतो सोपा आणि खातो वेळ. मॅगी दोन मिनिटांत होते, तिने काहीच सिद्ध होत नाही. बिर्याणी वर्षातून दोनदा हौसेने कोणीही करतो. बर्गर मात्र दर आठवड्याला करावा असा पदार्थ आहे, आणि त्यात चार-पाच वेगवेगळी कामं एका वेळी सांभाळावी लागतात.

माझ्याकडे खारी आहे. आमच्या पार्किंगमध्ये जन्मलेली गावठी कुत्री, रंग खारी बिस्किटासारखा, म्हणून खारी. ती तीन महिन्यांची असताना वर आली आणि आल्या आठवड्यातच दात पडायला सुरुवात झाली. जमिनीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला तेव्हा मी तो खडा समजून कचऱ्यात टाकणार होतो. बहुतेक दात पिल्लं गिळूनच टाकतात, त्याने काही होत नाही. दोरीच्या खेळण्यावर रक्ताचे ठिपके दिसतात, तेही चालतं. पक्का सुळा आला तरी दुधाचा सुळा पडत नसेल, तर मात्र डॉक्टरकडे जावं लागतं.

रविवारची माझी पद्धत अशी. फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा कच्चा फणस, हाताला आणि सुरीला तेल लावून चिरायची, नाहीतर चीक दिवसभर निघत नाही. कुकरला उकडायची, गार झाली की पाणी घट्ट पिळून काढायचं आणि बोटांनी रेषा मोकळ्या करायच्या. त्यात उकडलेला बटाटा, भाजलेलं बेसन, आलं, मिरची, मालवणी मसाला, मीठ. टिक्क्या वळून अर्धा तास फ्रिजमध्ये. नाहीतर तव्यावर पडल्या पडल्या फुटतात. नॉनव्हेजच्या रविवारी चिकनच्या खिम्यात किसलेलं सफरचंद घालायचं, म्हणजे टिक्की कोरडी पडत नाही. वर अननसाची चकती, कोरड्या तव्यावर कडा करपेपर्यंत भाजलेली. अननस कच्चा असताना खिम्यात मिसळायचा नाही. त्यातलं ब्रोमेलिन मांसाची प्रथिनं तोडतं आणि तासाभरात खिम्याचा लगदा होतो. कच्च्या पपईतलं पपेन हेच करतं, म्हणून तर कबाबवाले मांस मऊ पडायला पपईचा गर चोळतात, पण मोजून. चकती भाजली की ब्रोमेलिन निकामी होतं आणि उरतो फक्त आंबटगोड रस.

बर्गरमध्ये फळ म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांसाठी एकच वाक्य. तुमच्या आजीने कैरीची डाळ केली, कोकणातल्या आणि गोव्यातल्या आज्यांनी पिकल्या आंब्याचं सासव केलं, पेरूची भाजी केली, तेव्हा तुम्ही बोटं चाटलीत. अननस बर्गरमध्ये आला की तो अचानक अमेरिकन होत नाही.

आता ही सगळी कामं चालू असताना पायाशी एक पिल्लू आहे असं धरा. पायजमा ओढतंय. कुयरीच्या साली पळवतंय. कुकरच्या शिट्टीला भुंकतंय. टिक्क्या फ्रिजमध्ये अर्धा तास बसल्या की तोच अर्धा तास खारीचा. गाठी मारून, भिजवून गोठवलेला जुना सुती टॉवेल तिच्या तोंडात, दुसरं टोक माझ्या हातात. तिने हाताला दात लावला की खेळ बंद, मी उभा राहतो, पाठ वळवतो. मिनिटभराने पुन्हा सुरू. एका रविवारी असं वीस वेळा होतं. तीन आठवड्यांनी दहा वेळा. मग चार. यात हुशारी कुठेच नाही. माणूस घरात असावा लागतो आणि त्याने विसाव्या वेळीही पहिल्या वेळेसारखंच वागावं लागतं, बस.

हीच ती परीक्षा. गार टिक्कीला घाई चालत नाही आणि हिरडीलाही चालत नाही.

कांदा काढला, म्हणून फळ आलं

घरीच का? ऑर्डर करून, पिल्लाशी खेळत खाल्लं तर काय बिघडलं?

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, कसाही. पावडर तर आणखी तीव्र, कारण ती आटवलेली असते. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. पिल्लू मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. बाहेरच्या बर्गरमध्ये कांद्याची पावडर कुठे कुठे असते, सांगू शकाल? टिक्कीत, सॉसमध्ये, मेयोनीजमध्ये, फ्राइजवर भुरभुरलेल्या मसाल्यात. तो डबा तुम्ही टीपॉयवर ठेवता, रील बघत खाता, आणि ज्या जिवाचं या वयातलं एकमेव काम म्हणजे सापडेल ते तोंडात घालणं, तो तिथून दोन फुटांवर असतो.

खारीचे दात येत होते ते चार महिने माझ्या बर्गरमध्ये कांदा-लसूण नव्हता. कांदा काढला की बर्गरमधून तीन गोष्टी जातात: गोडवा, ओलावा आणि चटका. त्या तिन्ही परत आणायला फळ लागलं. अननसाने गोडवा दिला, सफरचंदाने ओलावा, बारीक चिरलेल्या कैरीने चटका. फॅशन म्हणून हे केलेलं नाही. जमिनीवर काय सांडू शकतं याचा हिशोब केला आणि जे उरलं त्याचा बर्गर झाला.

शिवाय चिरताना खारीचा वाटा निघायचा. बिया आणि मधला गाभा काढलेलं सफरचंद, बिया काढलेली पपई, साल-कोय काढलेला आंबा, बिया काढलेलं कलिंगड. बिनमिठाचे, बिनमसाल्याचे छोटे तुकडे, फ्रीजरमध्ये गार केलेले. ठणकणाऱ्या हिरडीला थंड फोड मिळाली की पिल्लू पाच मिनिटं शांत बसतं. पण हा खाऊ झाला, जेवण नाही. दिवसभराच्या खाण्यात त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच हवा.

आणि "फळ म्हणजे चांगलंच" या समजुतीलाही इथेच थांबवतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. कोणत्या कुत्र्याला किती पचतील याचा नेम नसतो, म्हणून एकही नाही. २०२१ मध्ये पशुवैद्यकीय विषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणजे आपली चिंचेची चटणीही त्याच्या तोंडापासून लांब. आंब्याची कोय आतड्यात अडकते, सफरचंदाच्या बिया नकोत. चॉकलेट नको, आणि शुगरफ्री गोष्टींमधलं झायलिटॉल तर अजिबात नको. शिजवलेलं हाडूक नको, ते टोकदार फुटतं. ही यादी पाठ करायला दहा मिनिटं लागतात. ज्याला दहा मिनिटं नाहीत त्याने पिल्लाचं नाव काय ठेवायचं याचा विचारही करू नये.

"वेळ नाही" आणि इतर कारणं

पहिला आक्षेप नेहमीचा. आयटीत वेळ कुठे असतो? मीही आयटीत आहे. मलाही रात्री अकराचे कॉल आहेत, रिलीजच्या आधीचे शनिवार आहेत. खरंच वेळ नसेल तर तेही मान्य. मग पिल्लू आणू नका. तुम्हाला वेळ नाही याची शिक्षा पिल्लाने का भोगायची? वेळ नसणं गुन्हा नाही. वेळ नसताना आठ तास बंद बाथरूममध्ये पिल्लू ठेवणं आणि संध्याकाळी कुरतडलेलं दार बघून त्याच्यावर ओरडणं, हा गुन्हा आहे.

दुसरा आक्षेप आमच्या मागच्या पिढीचा. आईने फोनवर सांगितलं, "अरे, एक चप्पल दाखव, बस होतं. आमच्या वाड्यातला मोत्या असाच शिकला." मी म्हटलं, "आई, मोत्या अंगणात होता. दिवसभर शेतात हुंदडायचा, चावायला त्याला अख्खं गाव होतं. खारी दुसऱ्या मजल्यावर सहाशे फुटांत आहे." ती म्हणाली, "मग आणलीसच कशाला?" प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, आणि पिल्लू आणणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला आधी विचारावा. पण चपलेचा सल्ला चूक आहे. मार खाल्लेलं पिल्लू हिरडी ठणकायची थांबवू शकत नाही. ते एवढंच शिकतं की माणसाचा हात जवळ आला की दुखतं. पुढे ते गुरगुरायचं थांबतं आणि थेट चावतं. गुरगुरणं हा इशारा असतो, तो मारून बंद केला की इशारा न देता चावणारा कुत्रा तयार होतो.

दातांच्या बाबतीत लाडही नकोत. पिल्लाचा दात लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायची. "घरचंच आहे, काही होत नाही" हे वाक्य रेबीजच्या बाबतीत चालत नाही. पिल्लाची लस साधारण तीन महिन्यांनंतर असते. ती वेळेवर द्या आणि पुढचे डोस चुकवू नका.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका मैत्रिणीने सुनावलं, "घरी स्वयंपाक करा म्हणून उपदेश देणारे पुरुष मला नकोत. तो स्वयंपाक शेवटी बायकाच करतात. पिल्लाची शी पण त्याच काढतात." तिचं म्हणणं खरं आहे, आणि माझी अट म्हणूनच इतकी कडक आहे. आपल्याकडे "घरचं जेवण" याचा अर्थ आई, बायको नाहीतर स्वयंपाकाच्या मावशींनी केलेलं जेवण. "आमच्याकडे कुत्रा आहे" याचाही अर्थ बऱ्याचदा तोच: फोटो मुलाचा, फरशी आईने पुसलेली. मी घरचा बर्गर म्हणतो तेव्हा ज्याला पिल्लू हवंय त्याच्या हातचा बर्गर म्हणतो. मुलाने हौसेने आणलेलं आणि पंधरा दिवसांत आईच्या गळ्यात पडलेलं पिल्लू मी कितीतरी घरांत पाहिलंय. त्या आयांनी एक पोर नव्याने वाढवलं आणि त्यांना कोणी विचारलंही नाही.

चौथा आक्षेप: इतकी कडक अट लावली तर कुत्रे पाळणार कोण? कमी लोक. आणि ते बरंच होईल. ज्यांना कुत्रे आवडतात पण चार महिने देता येत नाहीत, त्यांच्यासाठी कामं पडलेली आहेत. गल्लीतल्या कुत्र्यांच्या नसबंदीला आणि लसीकरणाला हातभार लावा. मित्राच्या कुत्र्याला संध्याकाळी फिरवून आणा. तो गावाला गेला की दोन दिवस सांभाळा. माया करायला मालकीच लागते असं नाही.

आठ आठवडे आणि पन्नास रुपये

मी सगळा दोष विकत घेणाऱ्यावर टाकत नाही. विकणाऱ्यांचं काय चालतं तेही बघा. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. या आठवड्यांत भावंडांशी दंगा करताना पिल्लू शिकतं की जोरात चावलं तर समोरचा किंचाळतो आणि खेळ मोडतो. ही शाळा अर्धवट सोडायला लावून, पाच आठवड्यांचं पिल्लू "जितकं लहान तितका लळा" म्हणत गळ्यात मारलं जातं. मग तेच पिल्लू घरी येऊन जास्त जोरात चावतं, आणि "देणे आहे"चा मेसेज आणखी लवकर निघतो.

आणि सोडून दिलं तर काय होतं? जनावराचे भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, कमाल ५० रुपये. पुन्हा वाचा, शून्य राहून गेलेलं नाही. ज्या पिल्लाला हजारो रुपये मोजून आणलं, त्याला हायवेच्या कडेला सोडायची कमाल किंमत माझ्या बर्गरमधल्या अननसापेक्षा कमी आहे. कायदा तुम्हाला थांबवणार नाही, विकणारा तर नाहीच. शिल्लक राहता तुम्ही, आणि म्हणून ही परीक्षा स्वतःच घ्यावी लागते.

पिल्लू आधीच घरात असेल आणि हे वाचताना ते तुमच्या मोज्याला लटकलेलं असेल, तर कॅलेंडर काढा. जन्मतारीख माहीत नसेल तर डॉक्टर दात बघून वयाचा अंदाज सांगतात. सात महिने पूर्ण होतील ती तारीख लिहून ठेवा. तोपर्यंत वायरी वर बांधा, चपला कपाटात टाका, टॉवेल गोठवा, झोपू द्या. पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात आणि झोप अपुरी झाली की जास्त चावतात. "देणे आहे" असा मेसेज टाइप करायचा हात झाला तर त्या तारखेनंतर करा. माझ्या ओळखीत ज्यांनी तारखेपर्यंत दम धरला, त्यांच्यापैकी कोणीही तो मेसेज पाठवलेला नाही.

आणि पिल्लू अजून आणलं नसेल, तर येत्या रविवारी मंडईत जा. कुयरी न मिळाल्यास बटाटा चालेल, अननस मात्र पिकलेला बघून घ्या.